इलाज दोघांनी करायचा असतो

बुलढाणा जिल्ह्यात मनाच्या दुखण्यासाठी लोक आधी कुठे जातात, हे होळीच्या दिवसांत एसटी स्टँडवर उभं राहिलं की कळतं. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या यात्रेसाठी जादा गाड्या सुटतात. त्यांत मराठवाड्यातली, खानदेशातली, पार मध्य प्रदेशातली माणसं घरातल्या कुणाला तरी दंडाला धरून बसलेली असतात. त्या गर्दीत हिंदू कोण, मुसलमान कोण, हे कुणी विचारत नाही. नारळांची होळी पेटते. दुखणाईत माणसावरून उतरवलेले नारळ, त्याच्या अंगावरचे कपडे त्या आगीत जातात. यात्रा सरल्यावरही दर्ग्याच्या आसपास कुटुंबं मुक्काम करून राहतात. कुणाची बायको रात्र रात्र झोपत नाही, कुणाचा मुलगा एकटाच बडबडतो, कुणाच्या सुनेच्या अंगात येतं.

या माणसांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. त्यातलं विदर्भातलं नागपूर बुलढाण्याहून तीनशेहून जास्त किलोमीटरवर. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ भेटेलच याचा भरवसा नाही. दर्ग्यावर मात्र अख्खं घर सोबत राहू शकतं. त्रास खरा आहे हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही, आणि ‘एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेतोस’ असं कुणी सुनावत नाही. दवाखान्यात हे मिळेलच असं नाही. लोक तिकडे का जातात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

पण तिथे एक गोष्ट होत नाही. ज्याला आणलंय, त्याला कुणी काही विचारत नाही. भाऊ सांगतो, सासू सांगते, मुजावर ऐकतो, आणि ज्याचं दुखणं आहे तो बाजूला बसलेला असतो. या न विचारण्याचं टोक कुठवर जातं, ते तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाने पाहिलं. तिथल्या एका आश्रयस्थानात पहाटे आग लागली, आणि साखळदंडाने बांधून ठेवलेली २८ माणसं मेली. पळून जातील म्हणून बांधली होती. आगीतूनही त्यांना पळता आलं नाही.

मला जास्त बोचतं ते पुढचं. तोच माणूस दवाखान्यात आला तरी चित्र फारसं बदलत नाही. टेबलाच्या पलीकडे डॉक्टर, अलीकडे काका किंवा दीर, आणि कडेच्या स्टुलावर पेशंट. काका सांगतात, डॉक्टर लिहितात. गोळ्या कशाच्या, किती दिवस घ्यायच्या, झोप का येते, तोंड कोरडं का पडतं, हे स्टुलावर बसलेल्याला कुणी सांगत नाही. तो पंधरा दिवस गोळ्या घेतो, मग सोडतो. मग सगळे म्हणतात, ‘हाच ऐकत नाही.’

हे पुस्तक त्या स्टुलावरच्या माणसासाठी आहे, आणि त्याच्यासमोर बसणाऱ्यासाठीही. बोलून, ऐकून, मिळून विचार करून केलेला इलाज म्हणजे मानसोपचार. औषधांची जागा तो घेत नाही. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या आजारात औषध लागतंच. पण औषध असो वा नसो, हा इलाज एकट्या तज्ज्ञाला करता येत नाही. तो दोघांनी करायचा असतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा कणा हाच आहे, म्हणून प्रस्तावनेतच तो जरा सविस्तर मांडतो.

ही कल्पना आज सरळ वाटते, पण मानसोपचाराच्या जगाला ती पचायला वेळ लागला. फ्रॉइडच्या काळात पेशंट कोचावर आडवा आणि डॉक्टर त्याच्या डोक्यामागे, दिसणार नाही असा. अर्थ लावायचा तो डॉक्टरने. अमेरिकेत कार्ल रॉजर्सने १९४० आणि ५० च्या दशकांत ही मांडणीच उलटी केली. माणसाला आपलं कुठे दुखतंय हे कळतं, कुठल्या दिशेने जायचं हेही कळतं, समोरच्याने ते कळायला जागा करून द्यायची, असं त्याचं म्हणणं. अ‍ॅरन बेकने १९७९ च्या आपल्या पुस्तकात नैराश्यावरचा इलाज दोघांनी मिळून केलेल्या शोधासारखा मांडला. ‘माझ्याकडून काहीच होणार नाही’ हा पेशंटचा विचार बेक खोडून काढत नाही. तो म्हणतो, आपण दोघं तपासून पाहू. या आठवड्यात काय काय झालं, ते लिहून आण.

अल्बर्ट एलिसची पद्धत याहून ठसकेबाज; तो समोरच्याशी सरळ वाद घालायचा. पण गृहपाठ द्यायचा तोही, आणि गृहपाठ करायचा तो पेशंटनेच. एलिसचा विचार मराठीत आला तो बराचसा किशोर फडके यांच्यामुळे. त्यांचा एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. हजारो मैलांवरच्या गुरूला प्रश्न विचारत, शंका काढत त्यांनी ते शास्त्र आत्मसात केलं. नुसतं ऐकून घेणाऱ्याला ते जमलं नसतं.

१९७९ मध्येच एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला, आणि तो आजही या विषयाचा पाया समजला जातो. कुठल्याही पंथाचा मानसोपचार घ्या, उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातल्या कामाच्या नात्याला तीन अंगं असतात, असं त्याने म्हटलं: कुठे पोहोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवर विश्वास. आपल्याकडे तिसऱ्याचाच बोलबाला जास्त. ‘मॅडम फार चांगल्या आहेत, ऐकून घेतात.’ ते हवंच. पण मॅडमना वाटतंय याची झोप सुधारायला हवी, आणि त्याला वाटतंय मुलाने पुन्हा बोलायला हवं, तर दोघं एकमेकांवर कितीही भरवसा ठेवोत, वाटा वेगळ्याच जाणार.

या नात्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. २०१८ मध्ये फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत तीस हजारांहून जास्त पेशंट होते. नातं जितकं घट्ट, तितका गुण जास्त, असा संबंध सगळीकडे दिसला. मात्र तो मध्यम ताकदीचा आहे. सुधारणेतल्या फरकाचा सुमारे आठ टक्के भाग त्याने समजावता येतो. आठ टक्के ऐकून कुणी नाक मुरडेल. पण गुण येण्यामागे आजाराची तीव्रता, घरची परिस्थिती, पैसा, नशीब असं किती काय काय असतं. त्यातलं आपल्या हातात असलेलं हे एक आहे, आणि त्याला मशीन लागत नाही की मंजुरी लागत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू, कारण अडचण खरी इथेच आहे. आपल्याकडे माणूस शिकलेल्यासमोर ‘नाही’ म्हणत नाही. साहेबांना, डॉक्टरांना, मॅडमना ‘नाही’ म्हणणं हा त्यांचा अपमान. म्हणून तो ‘हो’ म्हणतो. समजलं का? हो. गोळ्या घेणार ना? हो. पुढच्या मंगळवारी येणार? हो जी. आणि मंगळवारी येत नाही. नवा समुपदेशक या होकारावर विसंबतो, वहीत ‘सहकार्य चांगले’ असं लिहितो आणि फसतो. बुलढाण्यात काम करणाऱ्याने सगळ्यात आधी हा होकार ओळखायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

समजण्यासाठी एक माणूस कल्पू. मेहकरकडचा, पन्नाशीचा, पाच एकर कोरडवाहूचा मालक. दोन वर्षं सोयाबीन हाती लागलं नाही. झोप नाही, कशात मन लागत नाही, ‘डोकं बधिर झालंय’ म्हणतो. गावच्या आशा कार्यकर्तीने समजूत घालून उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. समोर समुपदेशक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. तो खाली मान घालून म्हणतो, “मॅडम, आता तुमीच सांगा काय करू. तुमी सांगसान तसं करतो.”

ती प्रशिक्षणात शिकलेलं सांगते: “काका, रोज सकाळी अर्धा तास फिरायला जात जा.” तो म्हणतो, “हो.”

तो जाणार नाही. खेड्यात पन्नाशीचा माणूस बिनकामाचा रस्त्याने चालला, की दर दहा पावलांवर कुणी तरी विचारतं, “कुठी चालले, भाऊ?” ज्याला लोकांचं तोंड चुकवायचं आहे, त्याला ही शिक्षाच. सल्ला चुकीचा नव्हता. हालचालीने मन सैल होतं, हे खरंच आहे. पण तो सल्ला तिचा एकटीचा होता.

आता हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने. ती म्हणते, “सांगते काका, पण आधी मला तुमच्याकडून कळू द्या. बरं वाटत होतं तेव्हा दिवस कसा जायचा?” तो जरा वेळ गप्प. मग शेताचं सांगतो, बैलांचं सांगतो, आणि ओघात निघतं की गावच्या भजनी मंडळात तो पखवाज वाजवायचा. आता जात नाही. का? “ज्यायचे पैसे देणं हायेत, तेच बसतात ना तिथी.” ही एक ओळ तिला कुठल्या पुस्तकात सापडली नसती. तिने इथे ‘लोक काय म्हणतील याचा विचार करू नका’ असं म्हटलं असतं, तर दार पुन्हा लागलं असतं. ती विचारते, “मंडळात नका जाऊ सध्या. पखवाज कुठाय?” माळ्यावर. “खाली काढता येईल?” तो विचार करतो. खरोखर विचार करतो, हे दिसतं, कारण यावेळी ‘हो’ लगेच येत नाही. मग म्हणतो, “काढता यीन. पुडी सैल झाली असंन. कणीक लावून पाहा लागंन.” भिंतीवरच्या कालनिर्णयवर कुठल्या दोन वारांना हे करायचं, ते त्यानेच ठरवलं. आणि जमलं नाही तर काय आडवं आलं, तेवढं येऊन सांगायचं, एवढं तिने मागितलं.

पुढच्या वेळी कळलं, की एकदा जमलं, एकदा नाही. ज्या दिवशी जमलं नाही, त्या दिवशी बँकेचा माणूस येऊन गेला होता. आता दोघांच्या हातात काही तरी आहे: कशाने मन उचलतं, कशाने बसतं, हे त्याच्याच आठवड्यातून निघालेलं. डावीकडच्या पुडीला कणीक मळून लावताना पाच मिनिटं डोक्यात दुसरं काही आलं नाही, असं त्याने स्वतःहून सांगितलं. ही पाच मिनिटं पुढच्या कामाचं भांडवल. कर्ज आहे तिथेच आहे. त्याबद्दल पुढे बोलतोच.

या पद्धतीला जड नाव आहे, वर्तन-सक्रियता. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने नेमकी हीच पद्धत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना शिकवली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरून पाहिली. सहा ते आठ भेटी, तीव्र स्वरूपाचं नैराश्य असलेले सुमारे पाचशे पेशंट. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त केंद्रातला नेहमीचा इलाज मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. मला त्यातली एक गोष्ट आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. हे समुपदेशक आपल्या भेटींचं रेकॉर्डिंग एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. आपण किती बोललो, समोरच्याला किती बोलू दिलं, हे सहकाऱ्यांसमोर ऐकण्याची त्यांची तयारी होती.

विदर्भातही असं काम झालं आहे. ‘विश्राम’ या प्रकल्पात ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या त्रासाबद्दल बोलणं सुरू केलं, पहिला आधार दिला, गरज असेल त्याला पुढे पाठवलं. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचा ताळेबंद मांडला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आमच्याकडचे लोक बोलत नाहीत, हे खरं नाही. त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओट्यावर विचारणारं कुणी असलं की ते बोलतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. जसवंतसिंग नेकी हे आपल्या देशातले मोठे मनोविकारतज्ज्ञ. १९७३ मध्ये त्यांनी लिहिलं की पाश्चात्त्य पद्धतीचं बरोबरीचं नातं भारतीय पेशंटला परकं वाटतं. आपल्याकडे बरं करणाऱ्याला गुरूच्या जागी बसवण्याची रीत आहे, तर गुरू-शिष्याच्या नात्यावरच आपला मानसोपचार का उभारू नये? हे निरीक्षण मला शंभर टक्के पटतं. शेगावच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभा राहणारा माणूस समुपदेशकासमोर आला, तर तोच भाव घेऊन येणार. ‘मला काही माहीत नाही, मी तुमच्याइतकाच माणूस आहे’ असं समुपदेशकाने पहिल्याच भेटीत म्हटलं, तर तो निराश होऊन उठेल आणि ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जाईल. निष्कर्ष मात्र मला अर्धाच पटतो. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं, पिकांचं भाकीत ऐकायला शेतकरी गोळा होतात. समुपदेशकासमोर येणाऱ्या अनेकांचं मनही तसंच असतं, समोरच्याने आपल्या वर्षाचं काय ते सांगून टाकावं. हा मान समुपदेशकाने झिडकारू नये. तो घ्यावा आणि थोडा थोडा परत करत जावा: “मला मनाच्या आजारांची माहिती आहे, तुम्हाला तुमच्या घराची, शेताची, स्वभावाची आहे. दोन्ही लागेल.” असं सांगितलं की बहुतेकांना ते कळतं. कमीपणा तर मुळीच वाटत नाही.

मग घरच्यांचं काय? पुस्तकी मानसोपचार दोन खुर्च्यांचा असतो. आपल्याकडे तिसरी खुर्ची आपोआप येते. तिला घालवून देणं वेडेपणाचं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात पेशंटच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं, आणि इलाजात सामील करून घेतलं. बरे होऊन घरी जाणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढली, आणि जगभरातल्या तज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. सैलानीतल्या कुटुंबांच्या मुक्कामात ही ताकद आहे. तिचा उपयोग कसा करून घेता येतो, हे गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दिसतं. तिथे ‘दवा-दुआ’ नावाने मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र काम करतात. मुजावर दुआ देतो आणि दवाखान्यात जायलाही सांगतो. आपल्या जिल्ह्यातही सैलानीच्या परिसरात बेवारस सोडलेल्या मनोरुग्णांना चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ इथे ‘सेवासंकल्प प्रतिष्ठान’ने घर दिलं आहे. नंदकुमार आणि आरती पालवे यांचं हे काम पाहिलं की कळतं, घरच्यांनी हात सोडला तर माणसाचं काय होतं.

पण तिसरी खुर्ची कुठे ठेवायची, हे ठरवावं लागतं. सून बोलायला आली आणि सासू शेजारी बसली, तर सून ‘सगळं बरं आहे’ एवढंच म्हणणार. म्हणून आधी काही वेळ एकटीशी, मग तिला विचारून घरच्यांसोबत, आणि घरच्यांना काय सांगायचं, काय नाही, हे तिच्याशी ठरवून, ही शिस्त कधीही मोडू नये असं मी मानतो. लहान गावात तर जास्तच. बुलढाण्यासारख्या ठिकाणी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच. चहाच्या टपरीवर एक शब्द निसटला, तर ती बाई पुन्हा येणार नाही, आणि तिच्या गल्लीतली दुसरीही येणार नाही.

कायदाही आता स्टुलावरच्या माणसाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. आपल्या इलाजाची माहिती मिळण्याचा, ती गुप्त राहण्याचा हक्क त्याने दिला. उद्या आपली मनःस्थिती बिघडलीच तर कसा इलाज हवा आणि कसा नको, हे आज शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी आपणच नेमता येतो. साखळदंड कुठल्याही स्वरूपात बेकायदा आहे. आणि कलम ११५ सांगतं की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस पराकोटीच्या ताणाखाली होता असंच धरून चालायचं. त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घ्यायची. हा कायदा मराठीत सोपा करून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावायला हवा होता. अजून लागलेला दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कर्जाबद्दल. हा विषय टाळून पश्चिम विदर्भात मानसोपचारावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. २००६ साली पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आलं, त्यात बुलढाणा होता. २०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ ज्या १४ जिल्ह्यांत सुरू केला, त्यातही होता. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन त्रासात असलेली माणसं हुडकायची आणि जिल्हा रुग्णालयाच्या चमूने त्यांच्याशी बोलायचं, अशी ती योजना. चांगली योजना. पण समुपदेशनाने सोयाबीनचा भाव वाढत नाही आणि सावकार थांबत नाही. ‘सकारात्मक विचार करा’ असं भाव पडलेल्या शेतकऱ्याला सांगणारा समुपदेशक त्याचा विश्वास त्याच क्षणी गमावतो, आणि गमावायलाच हवा. प्रामाणिक भागीदारीत समुपदेशक असं म्हणतो: हे तुमच्या मनातलं नाही, हे खरंच बाहेरचं ओझं आहे. विमा, अनुदान, पुनर्गठन यासाठी कुणाकडे जायचं ते मी तुमच्यासोबत शोधतो. आणि ओझं उचलत असताना तुम्ही उभे राहाल, एवढं आपण दोघं मिळून पाहू.

यातलं सगळ्यात निकडीचं काम जीव वाचवण्याचं. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणी तरी विचारलं याचा दिलासा वाटतो. मग दोघांनी बसून एक कागद करायचा: मन खचायला लागलं की आधी काय जाणवतं, त्या वेळी कुणाकडे जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, आणि फवारणीची औषधं घरात न राहता कुणाच्या कुलपात राहतील. हा कागद समुपदेशकाने लिहून हातात ठेवला तर तो खिशातच चुरगळतो. माणसाने स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या माणसांची नावं घालून लिहिला, तर त्या रात्री त्याला तो आठवण्याची शक्यता जास्त.

भेटींच्या वेळा ठरवतानाही हीच दृष्टी हवी. मृगाच्या पेरणीत, सोयाबीनच्या सोंगणीत, कपाशीच्या वेचणीत कुणी रोज बुडवून पन्नास किलोमीटर येणार नाही. ‘पेशंटने उपचार सोडले’ असा शेरा मारण्याआधी त्या आठवड्यात शेतात काय चाललं होतं ते पाहावं. कधी मात्र कारण नात्यातच असतं. समुपदेशकाचं काही तरी लागलेलं असतं, आणि माणूस बोलून न दाखवता यायचा थांबतो. जेरेमी साफ्रान आणि क्रिस्टोफर म्युरन यांनी नात्यात पडणाऱ्या अशा चिरांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला. चीर ओळखून ती उघडपणे बोलून सांधली, तर नातं आणखी भक्कम होऊ शकतं, असं त्यात दिसतं. आपल्याकडे हे सांधणं वरच्या खुर्चीने सुरू करावं लागतं. खालच्याकडून होणार नाही. “मागच्या वेळी मी घाई केली का? तुम्हाला खटकलं असेल तर सांगा, मला राग येणार नाही” हे वाक्य प्रत्येक समुपदेशकाला सहज बोलता यायला हवं. उत्तर पहिल्यांदा ‘नाही नाही, तसं काही नाही’ असंच येईल. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारावं.

पुस्तकाची रचना मुद्दाम दुहेरी केली आहे. डाव्या पानावर उपचार घेणाऱ्यासाठी, उजव्या पानावर देणाऱ्यासाठी. दोघांनी एकमेकांचं पानही वाचावं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पहिल्या भेटीला जाणाऱ्याने निदान एवढं विचारून घ्यावं: मला काय झालंय असं तुम्हाला वाटतं, किती भेटी लागतील, खर्च किती, मी सांगितलेलं कुणाकुणाला कळेल, आणि फरक पडला नाही तर पुढे काय. वाचता येत नसेल तर आशाताईंकडून ही पानं वाचून घ्यावीत. ज्याला आत्ता, या क्षणी जगणं असह्य झालं आहे, त्याने पुस्तक बाजूला ठेवावं आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन करावा. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.